छापा-काट्याची गणितं काढून टाकू नका

पहिल्या वर्षाच्या मुलांनी संभाव्यतेची आणि परिकल्पना चाचणीची (एक गोष्ट खरी धरून हाती आलेले आकडे तिच्याशी जुळतात का ते पाहण्याची) गणितं वहीत, हाताने सोडवायची गरज उरली आहे का, यावरून गेल्या काही महिन्यांत माझ्यासमोर बरेच वाद झाले. मी ठाण्यात, नौपाड्यात, घरीच शनिवार-रविवारी संख्याशास्त्र शिकवते. कॉमर्स असो, मॅनेजमेंट असो की मानसशास्त्र, हा पेपर वाटेत येतोच, त्यामुळे मुलं येतात आणि त्यांच्यामागून पालकही येतात. पालकांचं म्हणणं असं की फोनने गणिताचा फोटो काढला की दहा सेकंदांत पायऱ्यांसकट उत्तर मिळतं, मग मुलांना पिशवीतले लाल-पांढरे चेंडू मोजत का बसवता? उलट बाजूला माझ्या वयाचे शिक्षक आहेत. सूत्र पाठ हवं, पायऱ्या हव्यात, झेडचा (सरासरीपासून किती दूर, त्यावरून शक्यता सांगणारा) तक्ता बघता आला पाहिजे, नाहीतर मुलांचा पाया कच्चा राहील, असं ते म्हणतात. दोन्हीकडची माणसं कळकळीने बोलतात. पण भांडण चाललं आहे ते आकडेमोडीवरून, आणि आकडेमोड हा या विषयातला सगळ्यात कमी मोलाचा भाग आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. नाणी, फासे, पत्ते, चेंडू यांची लहान गणितं मुलांनी हातानेच सोडवली पाहिजेत, आणि सोडवताना आकड्यांच्या आधी एक आणि आकड्यांच्या नंतर एक अशी दोन वाक्यं आपल्या बोलीत लिहिली पाहिजेत. आधीचं वाक्य: आपण काय खरं धरून चाललो आहोत? नंतरचं वाक्य: आलेल्या आकड्याने त्याबद्दल काय सांगितलं आणि काय सांगितलं नाही? मधली आकडेमोड यंत्राने केली तरी माझी हरकत नाही. ही दोन वाक्यं मात्र ज्याची त्यानेच लिहायला हवीत, आणि तशी सवय लहान गणितांवर हात बसल्याशिवाय लागत नाही.

फोनवाल्या बाजूचं म्हणणं मी हलकं घेत नाही. मी जुन्या प्रश्नपत्रिकांतली गणितं फोनला देऊन पाहिली, उत्तरं बरोबर आली आणि मांडणीही नीटस होती. तक्त्यात बोट फिरवून १.९६ शोधण्यात काही ज्ञान नाही, तो तक्ता यंत्र नव्हतं म्हणून होता. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात बावीस वर्षं गुणवत्ता तपासणीत होते. तिथे संगणक आला, तक्ते कपाटात गेले, आणि कामाचं काही बिघडलं नाही. परीक्षेत ‘एच नॉट’ची, म्हणजे तपासायला खरं धरलेल्या शून्य परिकल्पनेची, मांडणी जशीच्या तशी उतरवून गुण मिळवणारी पिढी आपणच तयार केली, हेही खरं. त्या पाठांतराची बाजू घ्यायला मी बसलेली नाही.

पण मागच्या पावसाळ्यातला एक शनिवार सांगते. गणित असं होतं: दुधाच्या पिशवीवर ५०० मिली छापलं आहे. ३६ पिशव्या मोजल्या, सरासरी ४९७ मिली भरली, प्रमाण विचलन, म्हणजे मापं सरासरीच्या आसपास किती पसरली आहेत ते, ६ मिली. पिशव्यांत दूध कमी भरतं का, हे पाच टक्के सार्थकता पातळीवर (खरोखर ५०० भरत असताना चुकून ‘कमी’ म्हणण्याचा धोका पाच टक्के ठेवून) तपासा. एका मुलीने फोनवरून उत्तर उतरवून आणलं होतं. सहाला छत्तीसच्या वर्गमुळाने भागलं, एक आला. फरक तीनचा, म्हणून झेड उणे तीन. तो पाच टक्क्यांची रेषा असलेल्या उणे १.६४५ च्याही खाली, म्हणून शून्य परिकल्पना, म्हणजे खरी सरासरी ५०० आहे हे गृहीतक, नाकारली. सगळं बरोबर. मी विचारलं, ‘‘म्हणजे काय झालं?’’ ती म्हणाली, ‘‘म्हणजे डेअरीवाले चोरी करतात.’’ शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, ‘‘नाही मॅडम, म्हणजे डेअरी खरं बोलत असण्याची शक्यता पाच टक्के आहे.’’ दोघांच्या वह्या पूर्ण गुणांच्या होत्या आणि दोघांचंही वाक्य चूक होतं.

त्या आकड्याने एवढंच सांगितलं होतं की पिशव्यांची खरी सरासरी ५०० मिली असती, तर ३६ पिशव्यांत ती ४९७ किंवा त्याहून खाली दिसण्याचा प्रसंग हजारात जेमतेम एकदा-दोनदा आला असता. कुणी मुद्दाम कमी भरलं की भरण्याच्या मशीनची सेटिंग हलली, हे त्यात कुठेच नाही. आणि त्या मुलाने वाक्य उलटं फिरवलं होतं. पाऊस पडला तर घोडबंदर रोड ओला होतो. रस्ता ओला दिसला म्हणून पाऊस पडला असं म्हणता येईल का? टँकर गळत गेला असेल. हे रस्त्याबद्दल कुणालाही पटतं, पण तेच टक्क्यांत सांगितलं की शिकलेली माणसंही फसतात. मग मी मुलांना दुसरं गणित घातलं: ३६ ऐवजी ३६०० पिशव्या, विचलन तेच, सरासरी ४९९.७. सहाला साठने भागा, ०.१ येतो, फरक ०.३, झेड पुन्हा उणे तीन! पिशवीमागे पाच-सहा थेंब दूध कमी, आणि निकाल तोच, ‘सार्थक फरक आहे’. वर्ग गप्प झाला. सार्थक याचा अर्थ मोठा किंवा महत्त्वाचा असा होत नाही, हे मी फळ्यावर दहा वेळा लिहिलं असेल. त्यांना ते कळलं ते स्वतः साठने भागल्यावर.

‘पण पिशवीतले चेंडू आणि खरं आयुष्य यांचा संबंध काय?’ हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप. त्याचं उत्तर मला कारखान्यात मिळालं. आमच्याकडे आलेल्या लॉटमधून ५० नग काढून तपासायचे, एकही खराब निघाला नाही तर लॉट पास, अशी पद्धत होती. एका लॉटमध्ये आमच्या तपासनिसाला पन्नासांत एकही खराब नग सापडला नाही, त्याने पास केला. पुढे तो माल जोडणीत गेला, तक्रार आली, आणि सगळा लॉट मोजल्यावर शंभरात दोन नग खराब निघाले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या त्या माणसाला साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं, ‘‘डोळे मिटून तपासतोस का?’’ लेखी मेमोही दिला. मी त्याच तपासणी-कागदाच्या पाठीवर गणित मांडलं. एक नग चांगला निघण्याची शक्यता ०.९८. पन्नासच्या पन्नास चांगले निघण्याची, ०.९८ चा पन्नासावा घात, म्हणजे ०.३६. डोळ्यांत तेल घालून तपासलं तरी असे शंभर लॉट आले तर त्यातले छत्तीस पास होणारच होते! साहेबांना कागद पटला नाही. दुसऱ्या दिवशी मी डब्यात ९८० पांढरे आणि २० लाल मणी घेऊन गेले. साहेबांनीच न बघता पन्नास-पन्नास मणी काढले, दर वेळी परत टाकून, डबा हलवून. दहा खेपा झाल्या. चार खेपांना एकही लाल मणी आला नाही. मेमो मागे घेतला गेला आणि पुढे तपासणीचे नग दीडशे झाले, कारण दीडशे काढले की तीच चूक शंभरात पाचाच्या आसपास येते. पिशवीतल्या चेंडूंचं गणित आयुष्यापासून लांब आहे असं मला कुणी म्हणालं, की तो डबा आठवतो.

खरं तर हा विषय जन्मला तोच खेळाच्या पटावर. फ्रान्समध्ये १६५४ साली पास्कल आणि फर्मा यांनी एकमेकांना पत्रं लिहिली ती जुगारातल्या प्रश्नांवरून. एक फासा चार वेळा टाकला तर एकदा तरी सहा पडेल, या पैजेत जिंकण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त आहे, ५१.८ टक्के. दोन फासे चोवीस वेळा टाकून एकदा तरी सहा-सहाची जोडी पडेल, ही पैज तशीच दिसते, पण तिथे ४९.१ टक्केच निघतात. सहात चार आणि छत्तिसात चोवीस, प्रमाण एकच, मग फरक का? त्या काळच्या हुशार माणसाला पडलेला हा प्रश्न आजही बारावीच्या वर्गात पडतो. आपल्याकडे तर फासे आणि मोजणी यांची जोडी त्याहून जुनी आहे. महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पानं आणि फळं किती ते सांगतो. नल नुसता मान डोलवत नाही, रथ थांबवून मोजतो, आकडा जुळल्यावरच मानतो आणि मग ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या, अक्षहृदय, शिकून घेतो. वेदकाळी फासे याच बेहड्याच्या फळांचे असत. अंदाज करणं, तो पडताळणं आणि फाशांचं ज्ञान या तीन गोष्टी एकाच झाडाखाली बांधणाऱ्या परंपरेतल्या मुलांना फाशांची गणितं पोरकट आहेत असं सांगायचं का?

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. परिकल्पना चाचणीच सदोष आहे, शास्त्रज्ञच पी-व्हॅल्यूचा (परिकल्पना खरी असती तर इतका टोकाचा निकाल दिसण्याची जी शक्यता, तिचा) गैरवापर करतात, मग ती मुलांना शिकवायची कशाला? गैरवापर होतो यात शंका नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली जाहीर निवेदन काढून सांगावं लागलं की पी-व्हॅल्यू ही परिकल्पना खरी असण्याची शक्यता नव्हे, आणि केवळ ती एका रेषेखाली गेली म्हणून शास्त्रीय किंवा धोरणात्मक निर्णय घेऊ नये. माझ्या वर्गातल्या मुलाने केली ती चूक संशोधकही करत होते, म्हणून तर हे लिहावं लागलं. पण रोग कळला म्हणून शरीरशास्त्र शिकवणं कुणी बंद करत नाही. उलट हा गैरवापर ओळखायला लागतं ते पहिल्या महिन्यातलंच गणित.

नवी मुंबईत सिडकोची आणि इकडे म्हाडाची लॉटरी निघते. दर वेळी कुणीतरी म्हणतं, ‘‘इतक्या वेळा नंबर लागला नाही, आता लागणारच.’’ समजा दर लॉटरीत नंबर लागण्याची शक्यता वीसात एक आहे आणि तुम्ही वीस वेळा अर्ज भरलात. वीस गुणिले पाच टक्के म्हणजे शंभर टक्के, असं मन सांगतं. वहीत मांडा: एकदाही न लागण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, साधारण ०.३६. म्हणजे एकदा तरी लागण्याची ०.६४. वीस अर्ज भरूनही शंभरातले छत्तीस जण भाड्याच्याच घरात राहतील, आणि विसाव्या खेपेची शक्यता पहिल्या खेपेइतकीच, वीसात एक. आता लॉटरीच्या जागी संशोधन ठेवा. एखाद्याने वीस वेगवेगळ्या गोष्टी तपासल्या, ज्यात खरा परिणाम एकाचाही नाही, आणि प्रत्येक वेळी पाच टक्क्यांची रेषा लावली. निदान एक तरी खोटा ‘सार्थक’ निकाल हाती लागण्याची शक्यता किती? तेच ०.६४. गणित एकच आहे, नावं बदलली. अमुक फळाने स्मरणशक्ती वाढते अशी बातमी वाचल्यावर ‘किती गोष्टी तपासून ही एक सापडली?’ असा प्रश्न कुणाला सुचेल? ज्याने लॉटरीचं गणित स्वतः सोडवलं आहे त्याला.

न सुचल्याची किंमत माणसं मोजतात. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क या वकील बाईंची दोन तान्ही मुलं १९९६ आणि १९९८ साली गेली आणि त्यांच्यावर खुनाचा आरोप आला. अशा घरात बाळ पाळण्यात अचानक दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, दोन बाळं दगावण्याची त्याचा वर्ग, म्हणजे ७ कोटी ३० लाखांत एक, असं तज्ज्ञ साक्षीदाराने कोर्टात सांगितलं. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. बारावीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की शक्यतांचा असा गुणाकार घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच करायचा. एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन भावंडं स्वतंत्र कशी? आणि हा आकडा खरा मानला तरी तो म्हणजे बाई निर्दोष असण्याची शक्यता नव्हे. रस्ता आणि पाऊस यांची तीच उलटापालट इथेही झाली. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये उघड आक्षेप घेतला. २००३ मध्ये, दडून राहिलेला वैद्यकीय पुरावा पुढे आल्यावर, शिक्षा रद्द झाली. चारच वर्षांनी त्या वारल्या. त्या कोर्टात बसलेल्या किती जणांनी शाळेत नाण्यांची गणितं सोडवली असतील? सोडवली असणार. ‘स्वतंत्र आहेत का?’ हा प्रश्न मात्र सूत्राआधी स्वतःला विचारायची सवय त्यांना कुणी लावली नव्हती, आणि इथे मला सूत्रवाल्या शिक्षकांशीही भांडायचं आहे. गुणाकाराचं सूत्र येणं आणि ते कधी लावायचं नाही हे येणं, यातलं दुसरं आपण शिकवत नाही, कारण त्याला प्रश्नपत्रिकेत गुण नसतात.

आपल्या घरचं उदाहरण याहून मोठं आहे. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातलं दारिद्र्य मोजताना माणशी रोज २२५० कॅलरी ही कसोटी धरली. साताऱ्याकडच्या बुध गावात जन्मलेले, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत वर्षानुवर्षं काम करून पुण्याला परतलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला. सरासरी गरज ही सरासरी आहे, ते म्हणाले. धडधाकट माणसांतही गरज कमी-जास्त असते, एकाच माणसाची रोज बदलते. मग सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशी कसा? रेषा सरासरीच्या दोन प्रमाण विचलनं खाली धरा. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. रेषा एवढी खाली नेली तर खरोखर अर्धपोटी असलेली माणसंही ‘ठीक आहेत’ म्हणून गणली जातील, ही विरोधकांची धास्ती होती. हे भांडण वर्गात सांगितलं की मुलांना पहिल्या आणि दुसऱ्या प्रकारची चूक वेगळी समजावावी लागत नाही. रेषा वर ठेवली तर उपाशी नसलेल्याला उपाशी म्हणण्याची चूक वाढते, खाली आणली तर उपाश्याला पोटभर खाणारा म्हणण्याची. कुठली चूक जास्त क्रूर? ते कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नाही. पाच टक्के हा आकडा पुस्तकात देवासारखा बसवला आहे, पण देशात भुकेले किती, हे दोन विचलनं धरायची की नाही यावर ठरत असेल, तर तो आकडा माणसांनी वाद घालून ठरवायचा असतो, हे अठरा वर्षांच्या मुलाला कळायला हवं. यंत्राला रेषा दिली की ते वर-खाली सांगेल. रेषा कुठे असावी, याची जबाबदारी ते घेणार नाही.

वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतात. अभ्यासक्रम भरगच्च, सेमिस्टर लहान. त्यांची अडचण खरी आहे, साठ-सत्तर मुलांच्या वर्गात प्रत्येकाचं वाक्य वाचणं सोपं नाही. पण तक्ता बघण्याचा सराव, मोठमोठ्या आकड्यांची प्रमाण विचलनं हाताने काढणं, एकाच साच्याची वीस गणितं हे सगळं यंत्राकडे सोपवलं तर कितीतरी तास सुटतात. त्या तासांत संख्याशास्त्रज्ञ फिशरचा चहाचा प्रयोग करता येतो. कपात दूध आधी घातलं की चहा, हे चवीवरून ओळखते असं म्हणणाऱ्या बाईंसमोर आठ कप, त्यातले चार दूध आधी घातलेले. नुसत्या नशिबाने चारही बरोबर निवडण्याची शक्यता सत्तरात एक. चारांपैकी निदान तीन बरोबर येण्याची सत्तरात सतरा, म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के. एक कप चुकला तर दावा मानायचा की नाही, हे चहा ओतण्याआधी ठरवा, असं मी मुलांना सांगते. आधी ठरवणं आणि नंतर ठरवणं यात काय फरक पडतो, यावर एकदा अर्धा तास वाद झाला आणि त्या अर्ध्या तासात कुणी कॅल्क्युलेटरला हात लावला नाही.

दुधाच्या पिशव्यांचं गणित उतरवून आणणारी ती मुलगी परवा तेच गणित पुन्हा सोडवत होती. आकडेमोड फोनवर केली. वर लिहिलं होतं, ‘पिशव्यांची खरी सरासरी ५०० मिली आहे असं धरते.’ खाली लिहिलं होतं, ‘तसं असतं तर इतकी कमी सरासरी फार क्वचित दिसली असती, म्हणून ५०० वर माझा विश्वास राहिला नाही. कमी का भरलं ते यातून कळत नाही.’ मग वही मिटता मिटता तिने विचारलं, ‘‘मॅडम, या ३६ पिशव्या घेतल्या कुठून? एकाच दुकानातून? बाबा वाशीच्या मार्केटला दाण्याच्या गाळ्यावर आहेत, ते पोत्यात वर, मध्ये आणि तळाशी अशी तीन ठिकाणी नळी खुपसून दाणे काढतात.’’

गणितात ते दिलेलंच नव्हतं. मी ते प्रश्नाखाली पेन्सिलीने लिहून घेतलं.